‘बाहुबली २’चे १,८०० कोटी : खर्च, व्याज आणि निर्मात्याच्या हाती आलेला पैसा

मूळ लेख

‘बाहुबली’चा दुसरा भाग २८ एप्रिल २०१७ रोजी प्रदर्शित झाला आणि जगभरातील तिकीटविक्रीचा आकडा १,८०० कोटी रुपयांच्या आसपास जाऊन थांबला. निर्मितीखर्च म्हणून २५० कोटींचा आकडा सांगितला जातो. या दोन आकड्यांची वजाबाकी करून ‘दीड हजार कोटींचा नफा’ झाल्याचे विधान आजही अनेक ठिकाणी सहज केले जाते. ही वजाबाकी दोन्ही बाजूंनी चुकते. १,८०० कोटी निर्मात्याला कधीच मिळाले नाहीत, आणि दुसऱ्या भागावर खरोखर किती पैसा लागला हे २५० कोटींच्या आकड्यातून कळत नाही. चित्रपटावर प्रेम करणाऱ्या वाचकांनी हा हिशेब एकदा नीट समजून घ्यावा, असे फार दिवसांपासून वाटत होते, म्हणून हा धागा.

आधी उत्पन्नाची बाजू पाहू. १,८०० कोटी ही ग्रॉस रक्कम आहे, म्हणजे प्रेक्षकाने खिडकीवर मोजलेला सगळा पैसा. वस्तू व सेवा कर १ जुलै २०१७ पासून लागू झाला. त्यामुळे या चित्रपटाची जवळजवळ सगळी देशांतर्गत कमाई जुन्या करमणूक शुल्काच्या काळातली आहे. हे शुल्क प्रत्येक राज्यात निराळे होते. मुंबईत त्याचा दर ४५ टक्के होता. मूळ दरावर शुल्क धरले, तर २०० रुपयांच्या तिकिटातून सुमारे ६२ रुपये सरकारजमा होत आणि १३८ रुपये उरत. हे उरलेले १३८ रुपये म्हणजे नेट. २००९ साली निर्माते-वितरक आणि मल्टिप्लेक्स यांच्यातील दीर्घ संपानंतर जी वाटणी ठरली, तीनुसार नेटमधील ५० टक्के पहिल्या आठवड्यात, ४२.५ टक्के दुसऱ्या, ३७.५ टक्के तिसऱ्या आणि त्यापुढे ३० टक्के वितरकाला मिळतात. म्हणजे त्या २०० रुपयांच्या तिकिटातून पहिल्याच आठवड्यात वितरकाच्या हाती ६९ रुपये येत असत, आणि महिनाभराने तेच तिकीट विकले गेले तर ४१ रुपये. या रकमेतून वितरकाचे कमिशन, जाहिरातीचा खर्च आणि डिजिटल प्रक्षेपणाचे शुल्क वजा झाल्यावरच निर्मात्याचा विचार सुरू होतो.

देशभरातील सर्व भाषांचे मिळून नेट उत्पन्न १,००० कोटींच्या थोडे पुढे गेले. हा टप्पा त्यापूर्वी कोणत्याही भारतीय चित्रपटाने गाठला नव्हता. परदेशातील उत्पन्न धरून वितरकांपर्यंत पोहोचलेला वाटा ८०० कोटींच्या घरात असावा, असे व्यवसायातील अंदाज सांगतात आणि वरच्या गणिताशी ते जुळतात. म्हणजे प्रेक्षकाने दिलेल्या पैशातील निम्म्याहून अधिक भाग वाटेतच संपला. उरलेले ८०० कोटीही सगळेच्या सगळे निर्मात्याचे नव्हेत, कारण अनेक प्रदेशांचे हक्क आधीच ठराविक रकमेला विकलेले असतात आणि तिथे चित्रपट अपेक्षेपेक्षा जास्त चालला तर वरच्या नफ्यातील मोठा हिस्सा वितरकाकडे राहतो.

आता खर्चाची बाजू, आणि मला ती अधिक महत्त्वाची वाटते. ही कथा मुळात एकाच चित्रपटासाठी आखलेली होती; तिचे दोन भाग करण्याचा निर्णय नंतर झाला. चित्रण जुलै २०१३ मध्ये कर्नूलजवळ सुरू झाले. पहिला भाग १० जुलै २०१५ रोजी आला, तेव्हा दुसऱ्या भागाचा काही अंश चित्रित होऊन पडलेला होता. हैदराबादच्या रामोजी फिल्म सिटीत साबू सिरिल यांनी उभी केलेली माहिष्मती, शस्त्रे, वेशभूषा, प्राण्यांच्या आणि सैन्याच्या संगणकीय प्रतिकृती, कलाकारांचे प्रशिक्षण, या साऱ्यावर झालेला खर्च दोन्ही भागांचा आहे. त्यातील किती पहिल्याच्या खात्यावर टाकायचा आणि किती दुसऱ्याच्या, हे ठरवण्याची एकच बिनचूक पद्धत नाही. पहिल्याचे १८० कोटी आणि दुसऱ्याचे २५० कोटी हे आकडे वेगवेगळे लिहिले जातात. माझ्या मते ४३० कोटींचा एकच प्रकल्प समजून त्याकडे पाहणे अधिक प्रामाणिक ठरेल.

आणि त्या ४३० कोटींवर व्याज आहे. भल्लालदेवाची भूमिका करणारे राणा दग्गुबाती यांनी २०२३ मध्ये एका जाहीर कार्यक्रमात सांगितले होते की, त्या काळी चित्रपटासाठी पैसा २४ ते २८ टक्के व्याजाने उचलावा लागत असे आणि ‘बाहुबली’साठीही तसाच उचलला गेला. २४ टक्के चक्रवाढ दराने घेतलेले १०० कोटी दोन वर्षांत सुमारे १५४ कोटी होतात आणि तीन वर्षांत १९१ कोटी. निर्मितीखर्चाच्या प्रसिद्ध आकड्यात हे व्याज धरलेले असते की नाही, हे बातमीत कधीच स्पष्ट केलेले नसते. पहिल्या भागाची जगभरातील विक्री ६०० कोटींच्या वर गेली होती. वरच्या प्रमाणाने वाटा काढला आणि त्यातून १८० कोटी व त्यावरील व्याज वजा केले, तर शोबू यार्लागड्डा आणि प्रसाद देविनेनी या निर्मात्यांना २०१५ साली किती अरुंद फटीतून जावे लागले असेल याची कल्पना येते. देशातील सर्वांत गाजलेला चित्रपट हाती असूनही दुसरा भाग पूर्ण होईपर्यंत ते निश्चिंत होऊ शकत नव्हते.

मग दुसऱ्या भागाने खरोखर काय साधले? माझे उत्तर हिंदी आवृत्तीत आहे. चित्रपट तेलुगू आणि तमिळमध्ये चित्रित झाला. हिंदी आणि मल्याळम या भाषांतरित आवृत्त्या. हिंदीत प्रभास यांना आवाज आपल्या शरद केळकरांनी दिला, संवाद मनोज मुंतशिर यांनी लिहिले, आणि वितरण धर्मा प्रॉडक्शन्स व ए. ए. फिल्म्स यांच्याकडे होते. पहिल्या भागाच्या हिंदी आवृत्तीचे नेट १२० कोटींच्या आसपास होते. दुसऱ्याचे ५११ कोटी, म्हणजे चौपटीहून अधिक. भाषांतर, संवादलेखन आणि ध्वनिमुद्रण यांवर होणारा खर्च एकूण खर्चाच्या तुलनेत नगण्य असतो. सेट, दृश्यपरिणाम, कलाकारांचे मानधन हे सगळे तेलुगू-तमिळ बाजारपेठेच्या भरवशावर आधीच केलेले होते, त्यामुळे हिंदीतून आलेला प्रत्येक रुपया जवळपास निव्वळ लाभाच्या स्वरूपाचा होता. या प्रकल्पाचे अर्थकारण इथेच बदलले.

आणि तो बदल घडवणाऱ्या सर्वांत मोठ्या जाहिरातीला पैसा लागला नाही. कटप्पाने बाहुबलीला का मारले, हा प्रश्न जवळपास दोन वर्षे शाळकरी मुलांपासून राजकीय भाषणांपर्यंत सर्वत्र विचारला जात होता. पहिला भाग पाहिलेल्या प्रत्येकाने दुसऱ्याचे तिकीट मनोमन आधीच काढून ठेवले होते.

प्रतिसाद – नांदेड

लेख आवडला. आमच्या कुटुंबाचे तालुक्याच्या गावी एकपडदा चित्रपटगृह होते, त्यामुळे एक पुरवणी जोडतो. मल्टिप्लेक्सची टक्केवारी हा संपूर्ण देशाचा नियम नाही. चित्रपट-व्यवसायाच्या नकाशावर महाराष्ट्र हे एक राज्य नाहीच. मुंबई, कोकण आणि पश्चिम महाराष्ट्र गुजरात-गोव्यासह ‘मुंबई सर्किट’मध्ये, विदर्भ ‘सीपी बेरार’मध्ये (जुना मध्य प्रांत व वऱ्हाड) आणि आमचा मराठवाडा तेलंगणासह ‘निजाम’मध्ये मोडतो. संस्थाने आणि प्रांत जाऊन सत्तर वर्षे झाली, तरी हक्कांची विक्री अजून त्याच सीमांवर होते.

एकपडदा चित्रपटगृहात बहुधा तीन पद्धती चालतात. वितरक किमान हमीची रक्कम, म्हणजे एमजी, आगाऊ घेतो. किंवा परत करण्याच्या बोलीवर अॅडव्हान्स घेतो. किंवा चित्रपटगृहाला आठवड्याचे ठराविक भाडे देऊन बाकीचे सगळे उत्पन्न स्वतः नेतो. आंध्र-तेलंगणात ही भाड्याची पद्धत मोठ्या प्रमाणावर आहे. याचा परिणाम असा की ‘बाहुबली २’सारखा चित्रपट सलग हाउसफुल्ल चालतो तेव्हा चित्रपटगृहाचा वाटा स्थिर राहतो आणि वितरकाचा वाटा नेटच्या ५० टक्क्यांपेक्षा पुष्कळ वर जातो. तेलुगू राज्यांतील वाट्याचा हिशेब करताना मल्टिप्लेक्सचे गणित लावू नये. चित्रपट पडला, तर मात्र हेच भाडे वितरकाच्या गळ्याशी येते.

प्रतिसाद – पुणे

व्याजाच्या मुद्द्यावर थोडे विस्ताराने लिहितो, कारण लेखापाल म्हणून मला तोच सर्वांत दुर्लक्षित वाटतो. मोठ्या उत्तरभागाचा शत्रू खर्च नव्हे, विलंब आहे. याचे ठळक उदाहरण म्हणून तमिळ ‘इंडियन २’ पाहावा. त्याचे चित्रण २०१९ मध्ये सुरू झाले. फेब्रुवारी २०२० मध्ये सेटवर क्रेन कोसळून तीन तंत्रज्ञांचा मृत्यू झाला, पाठोपाठ महासाथ आली, मग निर्माती संस्था आणि दिग्दर्शक यांचा वाद न्यायालयात गेला, आणि चित्रपट पडद्यावर यायला १२ जुलै २०२४ उजाडला. सुरुवातीला गुंतवलेल्या पैशावर पाच वर्षांचा भार चढला. २४ टक्क्यांचा दर धरला तर १०० कोटींचे पाच वर्षांत २९३ कोटी होतात. दर त्याच्या निम्मा धरला तरी १७६ कोटी. जगभरातील तिकीटविक्री १५० कोटींच्या आसपास अडकली, आणि तीही ग्रॉस. निर्मितीखर्च नेमका किती होता याच्या वादात न शिरताही उत्तर स्पष्ट आहे.

‘बाहुबली’च्या निर्मात्यांनी दोन भागांतील अंतर दोन वर्षांच्या आत ठेवले. या शिस्तीचे कौतुक दृश्यपरिणामांइतकेच व्हायला हवे.

आणखी एक गोष्ट नोंदवतो. २८ एप्रिल २०१७ च्या पहाटे तमिळनाडूत ठरलेले खेळ रद्द झाले होते, कारण तिथल्या वितरणाच्या साखळीत जुन्या देण्याघेण्याचा वाद उभा राहिला. तोडगा निघाल्यावर दुपारच्या सुमारास चित्रपट सुरू झाला. देशातला सर्वांत खात्रीचा चित्रपटही कुणाच्या तरी मागच्या थकबाकीमुळे काही तास अडू शकतो, इतका हा व्यवसाय उधारीवर उभा आहे.

प्रतिसाद – न्यू जर्सी

परदेशातील आकड्यांविषयी. उत्तर अमेरिकेत चित्रपट सुमारे ४२५ चित्रपटगृहांत लागला आणि पहिल्याच सप्ताहांतात एक कोटी डॉलरच्या वर जाऊन त्या आठवड्याच्या यादीत तिसरा आला. एकूण उत्पन्न दोन कोटी डॉलरच्या आसपास झाले, म्हणजे त्या वेळच्या विनिमयदराने सुमारे १३० कोटी रुपये. इथल्या तेलुगू समाजाचा या यशात सिंहाचा वाटा आहे. गुरुवारी संध्याकाळच्या पहिल्या खेळाला नेहमीच्या दुप्पट दराने तिकीट घेऊन कुटुंबेच्या कुटुंबे येतात, ही प्रथा या चित्रपटाच्या आधीपासून आहे. ‘बाहुबली २’च्या वेळी त्यांच्या जोडीला आम्ही मराठी, गुजराती, पंजाबी मंडळीही हिंदी खेळांना होतो. चित्रपटगृहाचा हिस्सा इथेही निम्म्याच्या आसपास असतो, त्यामुळे १३० कोटींचे १३० कोटी भारतात गेले असे समजू नये.

चीनमध्ये मात्र हा चित्रपट फारसा चालला नाही. मे २०१८ मध्ये तो तिथे लागला आणि उत्पन्न ऐंशी लाख डॉलरच्या आत राहिले. ‘दंगल’ने त्याच्या आदल्या वर्षी चीनमध्ये हजार कोटी रुपयांहून अधिक विक्री केली होती. पण उत्पन्नात हिस्सा या तत्त्वावर चीनमध्ये गेलेल्या परदेशी चित्रपटाला साधारण २५ टक्केच मिळतात. म्हणून जागतिक विक्रीत ‘दंगल’ पुढे असला, तरी निर्मात्याच्या बाजूला पोहोचलेल्या पैशाची क्रमवारी त्यावरून ठरवता येत नाही.

प्रतिसाद – ठाणे

धागालेखकाच्या एका मुद्द्याशी मी सहमत नाही. ४३० कोटींचा एकच प्रकल्प समजावा, हे मला पटत नाही. पहिला भाग पडला असता तर दुसऱ्या भागाची उरलेली गुंतवणूक थांबवण्याचे स्वातंत्र्य निर्मात्यांकडे होते. हे स्वातंत्र्य हीच दोन भागांत विभागणी करण्याची किंमत वसूल करून देणारी गोष्ट आहे, आणि म्हणून दोन्ही भागांचे हिशेब वेगळे ठेवणे आवश्यक आहे. कन्नड ‘केजीएफ’चे उदाहरण घ्या. पहिला भाग २०१८ च्या डिसेंबरात आला आणि त्याने अडीचशे कोटींच्या आसपास विक्री केली. तो चालला म्हणूनच दुसऱ्यावर अधिक पैसा लावण्याचे धाडस झाले, आणि एप्रिल २०२२ मध्ये दुसरा भाग १,२०० कोटींपर्यंत गेला.

दुसरा मुद्दा तुलनेचा. ‘पुष्पा २’ने डिसेंबर २०२४ मध्ये हिंदीत ८०० कोटींहून अधिक नेट मिळवले, त्यामुळे भाषांतरित हिंदी आवृत्त्यांमधला ‘बाहुबली २’चा ५११ कोटींचा विक्रम मोडला असे म्हणतात. रुपयांत तो मोडलाच. पण २०१७ आणि २०२४ यांमध्ये तिकिटाचे दर पुष्कळ वाढले. शिवाय तेलंगणात ‘पुष्पा २’च्या आदल्या रात्रीच्या खेळांसाठी तिकिटावर ८०० रुपयांची जादा वाढ मंजूर झाली होती. त्याच रात्री हैदराबादच्या संध्या चित्रपटगृहाबाहेर चेंगराचेंगरीत एका महिलेचा जीव गेला, हे कोणताही विक्रम सांगताना विसरता कामा नये. ‘बाहुबली २’ची देशभरातील प्रेक्षकसंख्या व्यवसायातील अंदाजांनुसार दहा कोटींच्या आसपास होती, आणि त्यानंतरचा कोणताही चित्रपट तिथपर्यंत पोहोचलेला नाही. मला विचाराल तर यश मोजण्याचे खरे माप हेच आहे: किती माणसे चित्रपटगृहात आली.

धागालेखक

ठाण्याच्या सदस्यांचा आक्षेप गंभीर आहे. ‘केजीएफ’च्या बाबतीत तो पूर्णपणे लागू पडतो, कारण तिथे पहिल्या भागाचे यश पाहून पुढची गुंतवणूक वाढवली गेली. ‘बाहुबली’त मात्र पहिला भाग बाहुबलीच्या मृत्यूच्या प्रश्नावरच थांबतो आणि दुसऱ्याचा काही भाग तोवर चित्रित झालेला असतो. अशा वेळी दुसरा भाग न करण्याचे स्वातंत्र्य कागदावर होते. प्रत्यक्षात तो न करणे म्हणजे पहिल्याचेही मूल्य संपवणे झाले असते. म्हणून माझे मत कायम आहे. प्रेक्षकसंख्येच्या मापाविषयी मात्र पूर्ण सहमती. त्यात आणखी एक अडचण आहे: तिकीटकराचा दरही बदलत गेला. जुलै २०१७ मध्ये १०० रुपयांवरील तिकिटांना २८ टक्के वस्तू व सेवा कर लागला, जानेवारी २०१९ पासून तो १८ टक्के झाला. त्यामुळे समान ग्रॉस असलेल्या दोन वर्षांतील चित्रपटांचे नेट समान नसते, आणि विक्रमांच्या याद्या हे कधीच सांगत नाहीत.

पण माझी खरी चिंता वेगळी आहे. ‘बाहुबली २’नंतर दक्षिणेत आणि हिंदीतही दोन भागांच्या घोषणांची रीघ लागली. दोन भाग म्हणजे दुप्पट उत्पन्न, असा निष्कर्ष काढला गेला. तो किती कच्चा आहे हे ‘पोन्नियिन सेल्वन’ या तमिळ चित्रपटाने दाखवले. तिथेही दोन्ही भाग एकत्र चित्रित झाले होते, दर्जाबद्दल फारशी तक्रार नव्हती, आणि दुसरा भाग सात महिन्यांतच आला, तोही नेमका २८ एप्रिल रोजी, २०२३ साली. तरी पहिल्याने पाचशे कोटींच्या आसपास विक्री केली आणि दुसऱ्याने साडेतीनशेच्या. तमिळ वाचकांना मूळ कादंबरी पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होती आणि तमिळनाडूबाहेरच्या प्रेक्षकाला तिची ओढ लागली नाही. म्हणजे शिस्त होती, विलंब नव्हता, पैसाही नीट लावला होता. दुसऱ्या भागाकडे खेचून नेणारा प्रश्न तेवढा नव्हता. तो प्रश्न पैसे देऊन विकत घेता येत नाही, आणि नेमक्या त्याच गोष्टीचा हिशेब घोषणा करणाऱ्यांच्या कागदावर नसतो.

प्रतिसाद – कोल्हापूर

या चर्चेत मराठी चित्रपटाचा विषय येणे अपरिहार्य आहे, म्हणून थोडक्यात. ‘सैराट’ एप्रिल २०१६ मध्ये आला, सुमारे चार कोटींत झाला आणि १०० कोटींपुढे जाणारा पहिला मराठी चित्रपट ठरला. त्या वेळी मराठी चित्रपटांना महाराष्ट्रात करमणूक शुल्क माफ होते, त्यामुळे तिकिटाच्या पैशातून सरकारची मोठी वजावट झाली नाही. खर्चाच्या पटीत पाहिले तर ‘सैराट’चा परतावा ‘बाहुबली २’पेक्षा कितीतरी मोठा आहे. वस्तू व सेवा कर आल्यावर ती सवलत गेली. आपल्याकडे २५० कोटींचा चित्रपट व्हावा अशी इच्छा अनेक जण व्यक्त करतात. मला वाटते, आपली गरज वितरणाची आहे. महाराष्ट्राबाहेर मराठी चित्रपटाची हिंदी किंवा कन्नड आवृत्ती पद्धतशीरपणे पोहोचवणारी यंत्रणा आपण उभी केली नाही. भाषांतरित आवृत्तीचा खर्च नगण्य असतो, हे धागालेखकाने दाखवलेच आहे. पण ती लावायला पडदे आणि ती विकणारा वितरक लागतो.

धागालेखक

कोल्हापूरच्या सदस्यांनी नेमक्या जागी बोट ठेवले. याच संदर्भात ‘बाहुबली’च्या हिंदी वितरणातील एक तपशील सांगतो. दुसरा भाग येण्याच्या तीन आठवडे आधी, एप्रिल २०१७ मध्ये, पहिला भाग हिंदीत पुन्हा चित्रपटगृहांत लावण्यात आला. त्यातून मोठी कमाई अपेक्षित नव्हती. ज्यांनी पहिला पाहिला नाही त्यांना दुसऱ्यासाठी तयार करणे एवढाच हेतू होता, आणि तो खर्च जाहिरातीचाच भाग म्हणून केला गेला. पहिल्याचे १२० कोटींवरून दुसऱ्याचे ५११ कोटींवर जाणे कथेमुळे झालेच, पण कथा पोहोचवण्याची अशी तजवीजही तिथे होती. पुढे ऑक्टोबर २०२५ मध्ये दोन्ही भागांचे एकत्रित संपादन करून तोच चित्रपट पुन्हा चित्रपटगृहांत आणण्यात आला. आठ-दहा वर्षांपूर्वी ज्या सेटवर आणि दृश्यपरिणामांवर खर्च झाला होता, त्याच चित्रणासाठी प्रेक्षकाने पुन्हा तिकीट काढले. हे उत्पन्न २०१७ च्या कोणत्याही हिशेबात धरलेले नव्हते. मराठीत ‘सैराट’ मार्च २०२५ मध्ये असाच पुन्हा चित्रपटगृहांत आला होता; इतर चित्रपटांबाबतही असा विचार करून पाहायला हरकत नाही, कुणी वितरक हा धागा वाचत असल्यास आकडेवारीसह मत द्यावे.